अधिक दोन सेकंद

१

भिंगरी मागच्या जिन्याच्या तळाशी पडला होता आणि त्याच्या हातात क्यूब नव्हता.

आईला आधी तेच दिसलं. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती दोरीवरचे कपडे काढायला मागच्या अंगणात गेली, आणि अठरा पायऱ्यांच्या त्या लोखंडी जिन्याखाली तिचा धाकटा मुलगा मान वाकडी करून पडलेला. ज्याचे हात झोपेतसुद्धा थांबत नसत, त्याचे दोन्ही हात रिकामे आणि गप्प होते. ती ओरडली नाही. तिनं आधी त्याची मान सरळ केली, मग शेजाऱ्यांना हाक मारली.

भिंगरी हे नाव त्याला गल्लीनं दिलं आणि पुढे ते स्पर्धांच्या याद्यांतही शिरलं. सहा रंगांचा विस्कटलेला क्यूब हातात ठेवायचा अवकाश, सात सेकंदांत सहाही बाजू जागच्या जागी. चौदाव्या वर्षी देशात पहिला, सतराव्या वर्षी विक्रम, आणि आता तेविसाव्या वर्षी, पुढच्या महिन्यात होणाऱ्या जागतिक स्पर्धेसाठी निवडलेला एकुलता एक स्पर्धक. या खेळात तेवीस म्हणजे म्हातारपण. दहा-दहा वर्षांची पोरं पाठीशी लागलेली असतात. ही शेवटची संधी आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

खोली गच्चीवर होती. मागच्या जिन्याचा वापर त्याच्याशिवाय कुणी करत नसे. पाय घसरला असेल, असं पहिल्या दिवशी सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या छातीवर तळहाताएवढा काळानिळा डाग दाखवला. कुणीतरी समोरून ढकललं होतं.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याच्या थोरल्या भावाला नेलं.

२

पंचबाईंच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे. आयुष्यभर गणित शिकवलं आणि वीस वर्षं क्यूबच्या स्पर्धांत पंच म्हणून उभं राहून कित्येक आईबापांच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी सकाळी भिंगरीची आई दारात आली, तेव्हा बाईंना सांत्वनाचं एकही वाक्य सुचलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

आई बसली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिनं टेबलावर ठेवला.

"वकिलांनी दिलाय. म्हणतात, या कागदामुळे माझा थोरला अडकलाय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला वाचता येईल म्हणून आले."

बाईंनी चष्मा लावला. सरावाची नोंद होती. खेळाडू क्यूब सोडवतो, फोनवरचा टाइमर थांबवतो, आणि ती वेळ तारखेसकट त्याच्या इंटरनेटवरच्या खात्यात जाऊन बसते. कागदावर गुरुवारचा सराव होता. शेहेचाळीस वेळा सोडवलेला क्यूब आणि त्याच्या शेहेचाळीस नोंदी. पहिली नोंद पाच वाजून चार मिनिटांची, शेवटची पाच बावन्नची.

"डॉक्टर म्हणतात, चार ते सहाच्या मधे गेला," आई म्हणाली. "थोरला पावणेसहाला आला. वर गेला, लगेच खाली आला. म्हणाला, वर नाहीये तो, कुठे उलथलाय कुणास ठाऊक. आणि दार आपटून निघून गेला. पोलीस म्हणतात, पाच बावन्नपर्यंत धाकटा खोलीत बसून क्यूब सोडवत होता, म्हणजे खोली रिकामी होती हे थोरल्याचं बोलणं खोटं."

"भांडण होतं त्यांच्यात?"

"रोजचं. थोरला छापखान्यात मशीनवर असतो. यालाही चिकटवायचं म्हणत होता. मागच्या आठवड्यात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, तो ठोकळा तुझ्यासकट जिन्यावरून खाली फेकीन." आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बोलतो तो असं. त्याच्या बोलण्याला काही अर्थ नसतो."

"तुम्ही घरात होतात?"

"पाचला शिवणाच्या दुकानातून आले. माझं स्वयंपाकघर बरोबर त्याच्या खोलीखाली आहे. पंधरा वर्षं ती खडखड डोक्यावर आहे माझ्या. गुरुवारी ती आली नाही. मला वाटलं, झोपलाय. बरं वाटलं हो मला, जरा झोपला म्हणून." तिनं पदराचं टोक सोडलं. "पोलीस म्हणाले, आई आहे, उरलेल्याला वाचवायला काहीही सांगेल. सांगितलंही असतं बाई. खोटं बोलायची माझी तयारी होती. पण हे खरं आहे, आणि आता त्यावरच कुणी विश्वास ठेवत नाही."

बाई कागदावरून बोट फिरवत होत्या. सात पूर्णांक बारा. सहा नव्वद. सात चाळीस. एकोणिसाव्या ओळीवर बोट थांबलं. परत वर गेलं, खाली आलं, आणि तेहेतिसाव्या ओळीवर पुन्हा थांबलं.

"हा कागद माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि थोरल्याला निरोप द्या, जे सांगितलंय त्यातला एक शब्दही बदलू नकोस."

३

सरावाचा हॉल एका कापडाच्या गोदामावर होता. लांब टेबलं, त्यांवर रबरी चटया, चटयांवर टाइमर. प्रशिक्षक एका क्यूबच्या फटींत तेलाचे थेंब सोडत होते. भिंगरीला नवव्या वर्षापासून त्यांनीच घडवलं होतं. पोलिसांना त्याचं खातं उघडून देणारेही तेच.

"पासवर्ड तुम्हाला माहीत होता?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांचे माहीत आहेत. इथे कुणाचं काही झाकलेलं नसतं. ही पोरं एकमेकांच्या खात्यात जाऊन एकमेकांचे आकडे बघत बसतात." ते कसनुसं हसले. "संशय माझ्यावरही आहे वाटतं तुमचा?"

"भिंगरी तुम्हाला सोडून दुसऱ्या प्रशिक्षकाकडे जाणार होता, असं ऐकलं."

तेलाची बाटली खाली आली. "जाणार होता. चीड आली मला, खोटं कशाला बोलू. पण गुरुवारी तीनपासून मी इथून हललो नाही. मुलांचे तीन वर्ग होते, मागे आईबाप बसले होते. पाचला घुम्या आला, तो त्या कोपऱ्यात तासभर सराव करत होता. विचारा कुणालाही."

घुम्या म्हणजे भिंगरीचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप बोलला म्हणायचं.

"भिंगरीचं खातं उघडा," बाई म्हणाल्या. "गुरुवारचं नको. पहिल्यापासूनचं."

प्रशिक्षकांनी लॅपटॉप पुढे ओढला. आठ वर्षांच्या एकतीस हजार नोंदी पडद्यावरून सरकू लागल्या. बाईंनी दोन तास त्या बघितल्या. चहा आला, निवला, तसाच परत गेला.

"याच्या नोंदींत एकही वाईट वेळ कशी नाही?"

प्रशिक्षक खिडकीकडे बघू लागले. "खोडायचा तो. हात अडला, वेळ बिघडली की नोंदच उडवून टाकायची."

"आणि तुम्ही खोडू दिलंत."

"सरावात पोलीस कशाला, बाई? मनाला उभारी राहते. मी तर मुलांना सांगतोच, वाईट विसरा. स्पर्धेत तुम्ही उभ्या असताच की डोळे वटारून."

"या वर्षीची निवड स्पर्धेवर नव्हती," बाई म्हणाल्या.

या वर्षी संघटनेनं नवं खूळ काढलं होतं. महिनाभराच्या घरच्या सरावाची सरासरी मागवायची आणि त्यावरून एकाला निवडायचं. घरच्या वेळेला पंच कोण, असं बाईंनी बैठकीत विचारलं होतं. मतदानात त्या एकट्या पडल्या. शेवटी दोन नावं उरली आणि भिंगरीनं घुम्याला नऊ शतांश सेकंदांनी मागे टाकलं. डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

बाईंनी पिशवीतला कागद काढून प्रशिक्षकांसमोर धरला आणि एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. नऊ पूर्णांक तेहेतीस, आणि आकड्यापुढे अधिकचं बारीक चिन्ह.

ते चिन्ह म्हणजे दंड. टाइमर थांबला तेव्हा क्यूबचा एखादा थर अर्ध्याहून जास्त तिरका राहिला असेल, तर वेळेत दोन सेकंद वाढवायची. स्पर्धेत हे पंच करतो. घरी खेळाडूनं स्वतःच बटण दाबून स्वतःवर दंड लावायचा असतो, आणि एकट्या खोलीत आपलं नुकसान आपल्याच हातानं करणारा विरळाच.

"एकतीस हजार नोंदींत हे चिन्ह एकदाही नाही," बाई म्हणाल्या. "गुरुवारी पाऊण तासात दोनदा आहे."

प्रशिक्षकांनी कागद हातात घेतला आणि दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. भिंगरीच्या नावावर तो क्यूब भिंगरीनं सोडवलेला नव्हता.

४

इन्स्पेक्टर भला माणूस होता, पण क्यूब हा प्रकार त्याच्या डोक्यावरून जात होता.

"त्या दिवशी त्याला प्रामाणिकपणाचा झटका आला असेल," तो म्हणाला. "येतो एकेकाला."

"एकतीस हजार वेळा न आलेला?"

"बाई, एवढ्याशा चिन्हावर मी थोरल्याला सोडू शकत नाही."

"सोडू नका. आधी ऐका. नोंद त्याच्या खात्यावर झाली, म्हणून तुम्ही धरून चाललात की ती त्याच्या खोलीत झाली. खातं कुठूनही उघडता येतं, कुठल्याही फोनवरून. भिंगरीचा फोन कुठे होता?"

"खिशात. जिन्यावरून पडताना फुटला, बंद पडला."

"किती वाजता बंद पडला ते फोन कंपनीला विचारलंत?"

हे विचारायचं राहिलं होतं, हे इन्स्पेक्टरच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं हवालदाराला बोलावून हळू आवाजात काही सांगितलं.

"आईनं खडखड ऐकली नाही, कारण वर कुणी नव्हतं," बाई पुढे बोलू लागल्या. "थोरला म्हणाला खोली रिकामी होती, कारण ती रिकामी होती. दोघंही खरं बोलताहेत. खोटं फक्त हा कागद बोलतोय. मग हा लिहिला कुणी? त्याला पासवर्ड माहीत हवा, तो बऱ्याच जणांना माहीत होता. पण हात सात सेकंदांचे हवेत. या वेळा मनानं टाइप करता येत नाहीत, प्रत्येक वेळी टाइमर खरोखर चालवावा लागतो. प्रशिक्षकांना आता पंधरा सेकंद लागतात. थोरल्याला क्यूबची एक बाजूही जमत नाही."

"मग या गावात सात सेकंदांत सोडवणारं आहे कोण?"

"दोघं होते. एक गेला."

इन्स्पेक्टरनं वही चाळली आणि मान हलवली. "घुम्या? जमणार नाही, बाई. नेमका त्याच तासात तो हॉलमध्ये बसला होता. पंधरा-वीस माणसांनी पाहिलंय. त्या वेळी आपण कुठे होतो याचा एवढा पक्का पुरावा तर माझ्याजवळही नाही."

"पाहिलंय ना," बाई म्हणाल्या. आवाज एकदम उतरला होता. "तो तिथे बसून काय करत होता, ते मात्र तुम्ही कुणाला विचारलं नाहीत."

५

घुम्या अकरा वर्षांचा होता तेव्हा बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आई नव्हती, बाप असून नसल्यासारखा. त्याच्या हातात पहिला क्यूब बाईंनीच दिला. पहिल्याच स्पर्धेत अंतिम फेरीत टाइमर थांबला, टाळ्या पडल्या, पंचाच्या काही लक्षात आलं नाही, आणि या पोरानं स्वतःच बोट दाखवून सांगितलं की थर तिरका राहिलाय. दोन सेकंदांनी तो हरला. त्या दिवशी बाईंनी त्याला सगळ्यांदेखत जवळ घेतलं होतं. स्वतःचं मूल नसलेल्या बाईंना त्या दुपारी आपल्याला काय मिळालं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

एकोणिसाव्या ओळीवर बोट थांबलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. गेले दोन दिवस त्या दुसरं कुणीतरी सापडावं म्हणून धडपडत होत्या, आणि कुणी सापडत नव्हतं.

येण्याआधीच त्यांनी प्रशिक्षकांकडून घुम्याचं खातं उघडून घेतलं होतं. आता तो लॅपटॉप त्यांनी इन्स्पेक्टरसमोर फिरवला.

"यानं आठ वर्षांत काहीही खोडलेलं नाही. सोडवलेला प्रत्येक क्यूब इथे आहे. ताप आला त्या दिवसाच्या अठरा सेकंदांच्या वेळासुद्धा. दंडाची चिन्हं पाहा, पानापानावर आहेत. आता गुरुवार काढा."

इन्स्पेक्टरनं काढला. सकाळचा सराव होता, दुपारी एकचा होता. पाच ते सहा या वेळात काहीही नव्हतं.

"तासभर पंधरा-वीस माणसांसमोर त्यानं क्यूब सोडवला," बाई म्हणाल्या. "दर वेळी फोनवरचा टाइमर थांबवला. त्या वेळा गेल्या कुठे?"

इन्स्पेक्टरनं एकदा लॅपटॉपकडे आणि एकदा छापलेल्या कागदाकडे पाहिलं. क्यूबमधलं काही न कळणाऱ्या त्या माणसाला एवढं मात्र लख्ख कळलं. मेलेला मित्र पाच बावन्नपर्यंत जिवंत दिसावा म्हणून घुम्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसून त्याच्या खात्यात वेळा भरत होता. घुम्या रोज जे करायचा तेच करत होता, त्यामुळे कुणाच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं.

"एवढा हुशार, आणि दंड कशाला लावून घेतला?" इन्स्पेक्टर म्हणाला. "नोंद उडवली असती तर आपण आंधळेच राहिलो असतो."

"नोंद खोडणं किंवा खोटी वेळ ठेवणं त्याच्या हातून होत नाही."

हवालदार चिठ्ठी घेऊन आत आला. भिंगरीचा फोन गुरुवारी दुपारी चार वाजून एकतीस मिनिटांनी बंद पडला होता.

इन्स्पेक्टर टोपी घेऊन उठला. बाईंनी हात आडवा केला.

"दहा मिनिटं आधी मला जाऊ द्या. त्यानं स्वतःहून कबूल केलं तर तसं लिहाल? कोर्टात त्याचा उपयोग होईल."

"होईल तर," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं लिहीन. वीस वर्षं पंच आहात, तुमचा शब्द मला पुरे."

६

दुपारचे तीन वाजले होते. वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. घुम्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून क्यूब फिरवत होता. बाई समोर बसल्या तशी त्यानं क्यूब खाली ठेवला. बाईंनी कागद टेबलावर उलगडला आणि दोन ओळी बोटानं दाखवल्या. बाकी काही बोलायची गरज पडली नाही.

"मारायला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "नाव मागे घे म्हणायला गेलो होतो. त्याच्या खऱ्या वेळा मला माहीत होत्या बाई. आठ वर्षं शेजारी बसतोय. माझ्याहून तो अर्ध्या सेकंदानं मागे होता."

"तो काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, तूही खोडायच्या होत्यास, तुला कुणी अडवलं होतं. मग म्हणाला, वाईट वाटून घेऊ नको, तुझ्यासाठी तिथून फोटो पाठवतो." घुम्यानं तळहात बघितला. "जिन्याच्या तोंडाशी उभा होता. मी एकदाच ढकललं."

"खाली जाऊन पाहिलंस?"

"नाही. वरूनच पाहिलं. हलत नव्हता. मी पुढच्या बाजूनं बाहेर पडलो. इथपर्यंत चालत आलो. चालता चालता सुचलं."

हा मुलगा साडेचारला एकाला ढकलतो आणि पाचला इथे येऊन सात सेकंदांत क्यूब सोडवतो. शेहेचाळीस वेळा. एकदाही हात थरथरला नाही. बाईंना त्याची भीती वाटली, आणि त्याच क्षणी त्याला ओढून पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच त्यांनी केलं नाही.

"थोरल्याला नेल्याचं तुला कळलं होतं?"

"हो."

"त्याच्या आईला तू भेटलास?"

"भेटलो. तिसऱ्या दिवशी. त्यांनी मला पाणी दिलं."

बाहेरच्या जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि दाराशी थांबला. दहा मिनिटं संपत आली होती. बाईंना एकच गोष्ट विचारायची उरली होती. उत्तर होय आलं असतं, तर पुढचं सगळं सोपं होतं. पोर घाबरलं होतं, पण बोलणारच होतं, एवढं त्या कोर्टात छातीठोकपणे सांगू शकल्या असत्या. दोन शब्दांत त्याची अर्धी शिक्षा वाचली असती.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "थोरल्याला शिक्षा झाली असती, तर तू पुढे येऊन बोलला असतास?"

घुम्यानं विचार केला. अगदी मनापासून केला. लहानपणी वर्गात गणित घातलं की तो असाच खाली बघत बसायचा, आणि उत्तर पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचा नाही.

"नाही," तो म्हणाला.

बाई उठल्या. आकड्यांशी खरं वागायचं हे आपण याला शिकवलं, आणि तेवढ्यावरच समाधान मानलं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. याहून मोठी हार त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्या दारापर्यंत गेल्या आणि कडी काढली.

इन्स्पेक्टरनं वही उघडली. "काय लिहू? स्वतःहून कबूल केलं?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. घुम्या त्यांच्याकडेच बघत होता.

"नाही," पंचबाई म्हणाल्या. "मी विचारलं, म्हणून सांगितलं. थोरल्याला आजच घरी पाठवा. त्याची आई वाट बघतेय."